हिवरखांड रोडचा दुसरा चहा

हिवरखांड रोड या स्टेशनला रोड नव्हता आणि हिवरखांडही नव्हतं. गाव चार मैलांवर, टेकडीच्या पलीकडे. कुण्या काळी कुण्या गोऱ्या साहेबानं इंजिनाला पाणी लागतं म्हणून विहीर बघून नकाशावर बोट ठेवलं, आणि नाव द्यायला जवळचं गाव तेवढं सापडलं. गावानं स्टेशनला आपलं मानलं नाही आणि स्टेशननंही गावाची वाट बघितली नाही. पण रेल्वे म्हटली की माणसं आली, माणसं म्हटली की चहा आला, आणि चहा म्हटला की लंकाबाई आली. बघता बघता त्या उघड्या माळावर एक वस्ती उभी राहिली.

चौदा क्वार्टरं रेल्वेची. पाथर्डी-जामखेडकडचे गँगमन, मनमाडचा फाटकवाला, बिहारचा मास्तर. त्यांच्या आधारानं एक न्हावी आला, एक शिंपी आला, पिठाची गिरणी आली, एका मास्तरची शाळा आली. गणपती मंडळ एकच होतं पण त्याला अध्यक्ष दोन होते, कारण दोघांपैकी कुणीही माघार घेईना. पाचशे माणसांचा दिवस गाड्यांवर चालायचा. अमक्या गाडीला भाकरी टाकायची, तमक्या गाडीला पोरं शाळेत घालायची. घड्याळ फक्त स्टेशनात होतं आणि तेही बहुतेक वेळा बंद असायचं.

लंकाबाई लग्न होऊन इथं आली तेव्हा नवऱ्याचं नाव ऐकून माहेरच्या बाया हरखल्या होत्या. श्रीमंत! आता नाव श्रीमंत असलं तरी पगार काटेवाल्याचा होता. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे काटे बदलायचे, हे त्याचं काम. पहिल्याच महिन्यात लंकाबाईनं ओळखलं की नावावर पोट भरत नाही. तिनं प्लॅटफॉर्मच्या टोकाला, लिंबाखाली टपरी टाकली. पोहे, चहा आणि तोंड, तिन्ही तिखट. चहा कसला तिखट असतो म्हणाल, तर ती आलं ठेचायची तेव्हा बघायला हवं होतं.

टपरी चालली ती क्रॉसिंगवर. लाईन एकच होती, त्यामुळे गाड्यांना एकमेकींना वाट द्यावी लागे. सकाळी नगरकडची पॅसेंजर एका बाजूच्या रुळावर येऊन थांबायची, मनमाडकडची दुसऱ्या बाजूच्या, आणि मधल्या रुळावरनं मेल धडाडत जायची. मेल गेल्याशिवाय दोघी हलायच्या नाहीत. कागदावर पॅसेंजरचा थांबा एका मिनिटाचा, पण मेल रोज लेट. ती वेळेवर आल्याचं हिवरखांड रोडच्या कुठल्या पिढीनं बघितलं नव्हतं. थांबायला लागायची ती बावीस मिनिटं. कधी वीस, कधी सव्वीस, पण लंकाबाईच्या लेखी बावीस.

या बावीस मिनिटांचं सोनं तिनं केलं. झालं असं, की एकदा राहुरीकडची एक बाई टपरीवर बसून रड सांगायला लागली. पोरीला बघायला पाहुणे येतात, पोटभर जेवतात, आणि 'कळवतो' म्हणून जातात ते जातातच. पोरगी नाकारली हा गावभर बोभाटा होतो तो निराळाच. लंकाबाई कप विसळता विसळता म्हणाली, तुमी ह्या गाडीनं या, त्यास्नी त्या गाडीनं बोलवा, माज्या बाकावर बसा, पसंत पडलं तर पडलं, न्हाई तर ज्याची त्याची गाडी उभीच हाय. बाईला ते पटलं. पुढच्या आठवड्यात पोरगी आली, पोरगा आला आणि मेल जायच्या आत लग्न जमलं.

मग काय, लोकांना चटकच लागली. बघता बघता त्याचे नियम ठरले. आधी पोहे, मग चहा. मुलाकडच्यांनी किंवा मुलीकडच्यांनी, ज्यांना पसंत असेल त्यांनी दुसरा चहा मागायचा. समोरच्यांनी तो घेतला की झालं. तोंडानं 'हो' म्हणायचं नाही, 'नाही'ही म्हणायचं नाही, म्हणजे नकाराचं दुःखही नाही. दुसरा चहा कुणीच मागितला नाही, तर रामराम करून ज्यानं त्यानं आपापली गाडी धरायची. चार मैलांवरच्या हिवरखांडालाही पत्ता लागायचा नाही. आणि दोन्हीकडचे दुसरे कप रिकामे झाले की लंकाबाई पदर खोचून प्लॅटफॉर्मभर ओरडायची, 'जमलं!' गार्ड झेंडी हलवायचा. एका मास्तरांनी तर घंटा वाजवायची प्रथा पाडली होती. वरच्या साहेबांनी जाब विचारला तेव्हा घंटा तपासत होतो, असं त्यांनी लेखी कळवलं.

टपरीच्या खांबावर लंकाबाई प्रत्येक लग्नाची डांबराची एक रेघ ओढायची. अशा दोनशे अकरा रेघा झाल्या. तिच्या स्वतःच्या तिन्ही पोरी त्यात आल्या. त्यातली किती लग्नं गोडीनं नांदली हे तिला कुणी विचारलं नाही, आणि गाडी सुटल्यावर तिनंही कुणाला विचारलं नाही. सवड कुठं होती? पोह्यांची कढई गॅसवर, दुसरं स्थळ बाकावर.

पण दिवस काही बाकाला बांधून ठेवता येत नाहीत. आधी लोकांकडं मोटारसायकली आल्या, मग मोबाईल आले, आणि मग टाकायला घेतली ती दुसरी लाईन. जाणाऱ्या गाडीला एक रूळ, येणाऱ्या गाडीला दुसरा. कुणी कुणासाठी थांबायचं कारण नाही. रेल्वेनं ठरवलं की क्रॉसिंग नाही तर हिवरखांड रोडही नको. गँगमनांच्या बदल्या झाल्या. न्हावी कोपरगावला गेला, शिंपी केडगावला गेला, गिरणीवाला नुसताच गेला. शाळेत शेवटी एक पोरगी उरली होती. तिलाही मास्तर मोटारसायकलवर बसवून हिवरखांडच्या शाळेत घेऊन गेले. गणपतीच्या दोन्ही अध्यक्षांनी एकाच टेम्पोत सामान भरलं आणि वाटेत भांडले म्हणे.

उरली लंकाबाई. श्रीमंत आठ वर्षांपूर्वी वारला होता. टपरीमागच्या पत्र्याच्या खोलीत ती राहत होती, आणि जागा रेल्वेची असल्यामुळे दर महिन्याला तिला एक नोटीस येत होती. नोटिशीचा कागद जाड असतो, भजी बांधायला बरा, असं तिचं मत होतं.

आता यातली खरी गंमत अशी, की वस्ती पाडायला जो जेसीबी आला होता तो चालवत होता तिचाच धाकटा, वैजनाथ. तीन पोरींवर नवसानं झालेला, वय चौतीस, उंचीनं बापासारखा आणि बोलण्यात बापाहून गरीब. ठेकेदाराकडं त्याला नोकरी लागली तेव्हा आपल्याला कुठलं काम मिळणार आहे हे त्याला कुठं ठाऊक होतं! जन्मला ती क्वार्टरातली खोली पाडायची वेळ आली तेव्हा त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरून उंबऱ्याला हात लावला, आणि परत वर चढून काम केलं. आईनं त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, पण भाजीत मीठ घातलं नाही.

त्यानं केडगावला एक खोली भाड्यानं घेतली होती. आईनं तिथं यावं म्हणून तो वर्षभर मागं लागला होता. ती म्हणायची, तिथल्या पाण्याला चव न्हाई, त्याचा चहा व्हत न्हाई. इंजिनाच्या विहिरीचं पाणी सोडून मी यायची न्हाई. पाणी हे निमित्त. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती तिनं एकदाच, स्वच्छ सांगून टाकली होती.

'दोनशे अकरा लोकांचं जमवलं मी ह्या बाकावर. माज्या पोराचं हितं जमल्याबिगर हलायची न्हाई.'

वैजनाथचं जमत नव्हतं. लंकाबाई त्याला वधूवर मेळाव्यात जाऊ देईना. नंबर लावून बायको मिळवायला ते काय रेशनचं दुकान हाय, असं तिचं म्हणणं. मोबाईलवर नाव घालतो म्हणाला तर तिनं मोबाईलच पोह्याच्या डब्यात ठेवला. पाच वर्षांत बाकावर नऊ स्थळं आली. जमीन नाही, पोरगा मशीनवर, आणि राहायला असं गाव की जे पुढच्या वर्षी असेल की नाही ठाऊक नाही. नऊही वेळा पहिला चहा झाला आणि दुसरा कुणी मागितला नाही. लंकाबाईनं दूधवाला बदलला.

मग एका फेब्रुवारीत नोटीस आली ती शेवटची. सोमवारपासून नवी लाईन सुरू, स्टेशन बंद; पंधरवड्यात टपरी हलवा. म्हणजे क्रॉसिंगचा शेवटचा दिवस रविवार. लंकाबाईनं जंग जंग पछाडलं आणि त्या रविवारचं एक स्थळ मिळवलं. कोपरगावची पोरगी, पंकजा नाव, शुगर फॅक्टरीच्या लॅबमध्ये कामाला, वय अठ्ठावीस. वडील राधाकृष्ण आणि आत्या पुष्पावती तिला घेऊन येणार होते. आईचं काही कळवलं नव्हतं. लंकाबाईनं बाकाला चुना दिला, वैजनाथला इस्त्रीचा शर्ट दिला, आणि देवापुढं उभं राहून देवालाही दम दिला.

रविवारी सकाळी कल्याण मास्तर टपरीवर आले. स्टेशनचे हे शेवटचे मास्तर. तरणा माणूस, रिकाम्या स्टेशनात एकटं बसून कंटाळलेला. ते म्हणाले, मावशी, आज मेल वेळेवर आहे. दुपारी मोठ्या साहेबांची तपासणीची गाडी यायची म्हणून सगळी लाईन मोकळी करून ठेवलीय. लंकाबाईला हसू आवरेना. मेल आणि वेळेवर! तिनं मास्तरांना एक कप जास्त दिला, पोराला एकटेपणानं भ्रम झाला असेल म्हणून. थोड्या वेळानं मेल खरंच धडाडत गेली, तेव्हा ती शेंगदाणे भाजत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि म्हणाली, कालची असंल.

चूक झाली ती इथं. दुसऱ्या कुठल्याही गावातल्या माणसानं ही चूक केली नसती. गाडी वेळेवर आली तर ती वेळेवर आलीय असंच तो समजला असता.

पावणेअकराला मनमाडकडची पॅसेंजर आली. डब्याच्या दारात निळ्या ड्रेसमधली पोरगी उभी होती. ती उतरली. मागं आत्या सीटखाली चप्पल शोधत होती, वडील फळांची पिशवी सांभाळत होते. बावीस मिनिटं आहेत, घाई कसली? आणि वाट बघायला मेल उरलीच नसल्यामुळे, एक मिनिट पुरं होताच गाडीनं शिट्टी दिली आणि ती हलली.

लंकाबाईचा आधी डोळ्यांवर विश्वास बसेना, मग तिनं ड्रायव्हरला जे काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. वैजनाथच्या हातात पोह्यांचा ट्रे होता. तो तसाच ट्रे घेऊन गाडीबरोबर धावला. काय करायला धावला, ते त्यालाही कळत नसावं. शेवटी एक बशी त्यानं खिडकीतून आत दिली आणि राधाकृष्णांनी ती मुकाट घेतली. आत्यांचं 'साखळी ओढा, साखळी ओढा' बरंच लांबपर्यंत ऐकू येत होतं.

पंकजा प्लॅटफॉर्मवर एकटीच उरली. तिनं फोन लावला. वडील म्हणाले, नगरला उतरतो, परतीची पॅसेंजर चार दहाला तुझ्याकडं येते, तोवर थांब. मग आत्यांनी फोन ओढून घेतला आणि बऱ्याच सूचना दिल्या. फोन ठेवून पंकजानं सभोवार बघितलं. चौदा क्वार्टरांच्या जागी विटांचे ढीग, पलीकडं पिवळा जेसीबी, अलीकडं एक लिंब, एक टपरी, एक बाक, आणि पोह्यांचा ट्रे धरून धापा टाकणारा नवरदेव. ती हसली.

लंकाबाई मात्र हवालदिल. चाळीस वर्षांच्या नियमांत यावर काही तोडगाच नव्हता. बावीस मिनिटांचे साडेपाच तास झाले होते, मुलीकडचं मोठं माणूस कुणी नव्हतं, आणि रेल्वेच्या पुढच्या गाडीपर्यंत या पोरांचं करायचं काय? नियमाला धरून तिनं पोहे दिले, चहा दिला, आणि म्हणाली, बस की बाई बाकावर, तुज्यासाठीच रंगवलाय.

पंकजा उभीच राहिली. कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, 'मावशी, रागावू नका. आईनं सांगितलंय, कुठंही बस, पण त्या बाकावर बसू नकोस.'

लंकाबाईचा पारा चढला. बाकानं तुझ्या आईचं काय घोडं मारलं, असं तिनं विचारलं. त्यावर पंकजानं सांगितलं ते असं.

तिची आई भागूबाई एकोणतीस वर्षांपूर्वी याच बाकावर बसली होती. डिसेंबरचा महिना होता, कडाक्याची थंडी. टपरीवर गर्दी, त्यामुळे चहा आला तो गार झालेला. राधाकृष्ण मान खाली घालून बसले होते, भागूबाई पायाच्या अंगठ्याकडं बघत होती, आणि खरं सांगायचं तर दोघांपैकी कुणालाच अजून काही ठरवता आलं नव्हतं. तेवढ्यात राधाकृष्णांची आत्या, ती आता हयात नाही, कुडकुडत म्हणाली, बाई, जरा गरम चहा द्या. तिला हवा होता तो गरम चहा. हा नियमाचा दुसरा चहा, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. भागूबाईच्या वडलांना वाटलं, पसंती आली. त्यांनी पोरीच्या हातात कप दिला. ती थंडीनं गारठलेली, तिनं पिऊन टाकला. आणि लंकाबाई ओरडली, जमलं. गार्डानं झेंडी हलवली, मास्तरांनी घंटा वाजवली, दोन्ही गाड्यांतून लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता यावर नाही कोण म्हणणार?

लंकाबाई खांबाकडं बघत होती. त्या डिसेंबरची रेघ कुठली हे तिला ओळखता येईना. सगळ्या सारख्याच होत्या. तिनं विचारलं, तुझा बाप तरास देतो का आईला?

छे, पंकजा म्हणाली, बाबा गरीब माणूस. भांडण नाही, तंटा नाही, काही नाही, बोलणंच नाही. पगार झाला की बाबा न चुकता आईसाठी पेढे आणायचे. आईला पेढा आवडत नाही, हे त्यांना अकरा वर्षांनी कळलं. तोवर ती दर महिन्याला ते शेजारी वाटत होती, आणि शेजाऱ्यांना वाटायचं, या घरात सारखं काहीतरी चांगलं घडतंय.

हे सांगताना पंकजा हसत होती. लंकाबाईही हसायला गेली, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. मग पोरगी जे बोलली ते तिनं अगदी हळू, माया लावून म्हटलं.

'मावशी, तुमची चूक नाही हो. तुम्ही सगळ्यांना गाडी सुटेपर्यंतच बघितलंत.'

 लंकाबाईला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. असं वाईट तिला श्रीमंत गेल्यानंतर वाटलं नव्हतं. तिनं कप विसळायला घेतले आणि विसळलेलेच परत विसळत बसली.

वैजनाथ आतापर्यंत खांबासारखा उभा होता. पंकजानंच त्याला विचारलं की ते मशीन तुम्ही चालवता का, आणि दोघं तिकडं चालत गेली. लंकाबाईला इथून काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू न येण्याची तिला सवय नव्हती. तिनं बघितलं की पोरगी मशीनवर चढली. पोरगा खाली उभा राहून हातवारे करतोय. मशीनचा हात वर गेला, खाली आला, मध्येच अडकला. दोघं हसली. आपलं पोरगं दात दाखवून हसतं, हे लंकाबाईनं कैक वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मग ती दोघं जेसीबीच्या बकेटच्या काठावर बसली, विटांच्या ढिगापुढं. तो हात करून काहीतरी दाखवत होता, इथं शाळा होती, इथं गिरणी, इथं मी जन्मलो आणि ही मीच पाडली, असंच असणार. एकदा तर त्यानं डोळे पुसले. लंकाबाईनं मान फिरवली. भाजीत मीठ न घालता वाढलं होतं, ते जेवण तिला आठवलं.

बाराला पंकजा चहा मागायला आली.  दुसरा चहा! लंकाबाईनं दोन कप भरून दिले, आणि ओरडायला तोंड उघडलं, पण समोर ना गार्ड, ना मास्तर, ना गाडी. तिनं तोंड मिटलं. एक वाजता वैजनाथ आला, आणखी दोन चहा. मग जेवणं झाली, पिठलं-भाकरी, वर परत चहा. तीनला पुन्हा. चार वाजता पंकजानं स्वतःच पातेलं ठेवलं आणि लंकाबाईलाही एक कप दिला. आता आली का पंचाईत? दुसऱ्या चहाचा अर्थ तिला ठाऊक होता. सहाव्या चहाचा अर्थ काय लावायचा, हे तिच्या नियमांत कुठंच नव्हतं.

चार दहाची पॅसेंजर वेळेवर आली. रेल्वेला त्या दिवशी झालं होतं तरी काय देव जाणे. राधाकृष्ण दारात उभे होते, हातात धुतलेली बशी. ती त्यांनी जपून वैजनाथच्या हवाली केली. मागून आत्या ओरडल्या, 'जमलं का?'

सगळ्यांनी लंकाबाईकडं बघितलं. जमलं का, हे त्या प्लॅटफॉर्मवर गेली चाळीस वर्षं तीच सांगत आली होती. ती म्हणाली, 'मला न्हाई ठावं.'

पंकजा गाडीत चढली. चढता चढता वैजनाथला म्हणाली, पुढच्या रविवारी आमच्या घरी या. सकाळी या आणि दिवसभर राहा. गाडी सुटली. कल्याण मास्तरांनी, कशासाठी ते त्यांचं त्यांना माहीत, घंटा वाजवली. रात्री ते घंटा सोडवून जमा करायला घेऊन गेले आणि हिवरखांड रोड स्टेशन संपलं.

आठवडाभर लंकाबाई कुणाशी धड बोलली नाही. कुणाशी म्हणजे वैजनाथशीच. दुसरं होतं कोण? नव्या रुळांवरनं गाड्या न थांबता जात होत्या. पावणेअकराला सवयीनं पोहे भिजवायची आणि खायला कुणी नाही म्हणून पाखरांना टाकायची. एकदा तिनं खांबावरच्या रेघा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. प्रत्येक रेघेला एक तोंड आठवायचं, असं तिनं ठरवलं होतं. चाळीसच्या पुढं एकही आठवेना.

रविवारी सकाळी सातला वैजनाथ मोटारसायकलवर कोपरगावला गेला. लंकाबाई बाकावर बसली. स्वतःच्या बाकावर बसायची ही तिची पहिलीच वेळ, आणि बसल्यावर तिला कळलं की तो एका बाजूला कललेला आहे. दोनशे अकरा जोडपी याच्यावर तोल सांभाळत बसली, आणि एकानं बोलून दाखवलं नाही! दहा वाजले, म्हणजे तो पोचला असणार. बावीस मिनिटं झाली, दोन तास झाले, दुपार झाली. माणसाला एवढा वेळ काय बोलायचं असतं, असं ती लिंबाला विचारत होती. श्रीमंतशी आपण काय बोललो, हेही तिनं आठवून बघितलं. काटे, गाड्या, पोरी, पाणी. श्रीमंतला चहा आवडायचा नाही, हे तिला अचानक आठवलं. हयातभर त्यानं तो रोज दोनदा घेतला होता.

दिवेलागणीला वैजनाथ आला. गाडी लावली, हातपाय धुतले, पाटावर बसला. लंकाबाईनं धीर धरला तो भाकरी थापेपर्यंत.

'किती येळा चहा दिला?'

'मोजला न्हाई,' वैजनाथ म्हणाला. 'दुपारचा मीच केला. भागूमावशी शेजारी बसून हुत्या. चांगल्या बोलतात गं त्या. पंकजाचे बाबाबी बोलले, जेवताना.'

मग जमलं का, हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिनं ते गिळलं. वैजनाथच सांगायला लागला. पुढच्या रविवारी पंकजा यायची म्हणते. आणि तिची आई पण येणार आहे. एकोणतीस वर्षांत तिनं कुठं जायचं म्हणून स्वतःहून नाव काढलं नव्हतं, असं बाबा म्हणाले. जागा बघायची आहे, पोराची आई कशी राहते तेही बघायचंय.

'निघताना भागूमावशींनी तुला निरोप दिलाय,' तो म्हणाला आणि पुन्हा दात दाखवून हसला. 'म्हनाल्या, लंकाबाईंना सांग, या खेपेला पहिलाच चहा गरम असू द्या.'

लंकाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं धुराच्या नावावर घातलं. गॅसला धूर नसतो, हे वैजनाथ बोलला नाही. बाहेरून एक गाडी गेली, तिच्या उजेडात खांबावरच्या रेघा क्षणभर दिसल्या. पुढच्या रविवारपर्यंत इथं टपरी नसणार, हे दोघांनाही माहीत होतं. मशीन त्याचंच होतं.

तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली, भाजी वाढली, भाजीत मीठ आहे ना ते चाखून बघितलं.

'केडगावच्या पाण्याचा,' ती म्हणाली, 'चहा बरा व्हतो का रे?'